पाणी शिरण्याआधी शेजार हवा

पूर ओसरला की आपल्याकडे मदतीचा हिशेब सुरू होतो. किती टेम्पो गेले, किती किट वाटले, तांदळाची किती पोती, ब्लँकेटे किती. हा हिशेब ठेवायलाच हवा. देणाऱ्याचा पैसा घामाचा असतो आणि घेणाऱ्याची गरज खरी असते. पण मदत कोणाला वेळेत मिळाली आणि कोणाच्या दाराशी ती पोचलीच नाही, हे टेम्पोंच्या संख्येवरून कळत नाही. त्या माणसाला पाणी येण्याआधी कोण ओळखत होते, त्याच्या घरात काय शिजते आणि तो रोज कुठून कुठे जातो हे कोणाला ठाऊक होते, यावर ते बरेचसे ठरते. म्हणून नवी मुंबईतल्या सानपाड्यासारख्या वस्तीत प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने गच्चीची गळती काढण्याइतक्याच गांभीर्याने शेजाऱ्यांची माहिती करून घेतली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मदतीची खरी तयारी तिथून सुरू होते.

सानपाड्याला पुराचा विचार परका नाही. १९७० मध्ये नवे शहर वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. खाडीकाठच्या पट्ट्यात भातशेती, खाजण आणि मिठागरे होती. त्यावर भराव पडला आणि इमारती आल्या. इथली बरीच जमीन सखल असल्याने सिडकोने धारण तलावांची व्यवस्था केली. भरतीच्या वेळी खाडीकडची झडप बंद राहते, वस्तीतले पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटी लागली की ते खाडीत जाते. कल्पना उत्तम आहे, पण तलावांत गाळ साचत गेला आणि त्या गाळात खारफुटी वाढली. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे, ते असायलाही हवे. ती हलवायची तर उच्च न्यायालयाच्या परवानगीचा रस्ता धरावा लागतो. परिणामी तलावांची साठवणूक घटते, आणि मुसळधार पाऊस व उधाणाची भरती एकाच वेळी आली की रस्त्यावर पाणी चढते. खाडीवर जगलेल्या आगरी-कोळी माणसांना हे गणित जुने आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते: अष्टमीला सहाच्या सुमाराला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. सानपाडा गावातल्या जुन्या माणसांना जे तोंडपाठ असते, ते शेजारच्या टॉवरमधल्या हजार कुटुंबांपैकी किती जणांना माहीत असेल? एकाच पाण्याच्या काठावर राहणाऱ्या दोन वस्त्यांची ओळखच नसेल तर हे ज्ञान इकडून तिकडे जायचे कसे?

२६ जुलै २००५ या दिवसाने मुंबई परिसराला बरेच शिकवले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच काळात कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नाही. एकाच शहरात एक टोक बुडाले आणि दुसरे जवळपास कोरडे राहिले. याचा अर्थ असा की संकट कितीही मोठे असले तरी थोड्या अंतरावर मदत करू शकणारी कोरडी घरे असतातच. प्रश्न ती घरे आणि बुडालेली घरे यांच्यात काही नाते आहे का, एवढाच उरतो. त्या दिवशी लोकल थांबल्या, फोन लागेनासे झाले. लाखो माणसे कचेऱ्यांत, फलाटांवर, बसमध्ये अडकली किंवा पाण्यातून तासन् तास चालत राहिली. वाटेवरच्या चाळींनी, झोपडपट्ट्यांनी आणि सोसायट्यांनी त्यांना चहा दिला, बिस्किटे दिली, स्वच्छतागृहाचे दार उघडून दिले. मुंबईकर या आठवणीचा अभिमान बाळगतात आणि तो योग्यच आहे. मात्र त्या रात्रीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आई-वडील दोघेही खाडीपलीकडे अडकले असताना घरातल्या मुलांना जेवू कोणी घातले, आजोबांची इन्सुलिनची वेळ कोणी सांभाळली? जिथे शेजार होता तिथे शेजाऱ्यांनी. जिथे नव्हता तिथे कोणीही नाही. रस्त्यावरची मदत अनोळखी माणूसही करू शकतो, कारण भिजलेला माणूस डोळ्यांसमोर दिसतो. बंद दारामागची गरज दिसत नाही. ती आधीपासून माहीत असावी लागते.

जगभरचा अनुभवही हेच सांगतो. १९९५ च्या जानेवारीत जपानमध्ये कोबे शहराला भूकंपाने हादरवले. जपानइतकी सज्ज यंत्रणा क्वचितच कुठे असेल, तरीही ढिगाऱ्याखालून वाचलेल्यांपैकी फार मोठ्या हिश्श्याला बाहेर काढले ते घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी. कोणत्या खोलीत आजी झोपते हे त्यांना माहीत होते, म्हणून कुठे उकरायचे हेही माहीत होते. त्याच वर्षी जुलैत शिकागोत उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक बळी घेतले. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी त्या शहरातल्या एकमेकींना लागून असलेल्या दोन गरीब वस्त्या तपासल्या. एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच होते, पण एका वस्तीतला मृत्युदर दुसरीच्या जवळपास दहापट निघाला. जिथे रस्त्यावर दुकाने होती, वर्दळ होती, म्हातारी माणसे रोज भाजी आणायला बाहेर पडत होती, तिथे ती एक दिवस दिसली नाहीत तर कोणाच्या तरी लक्षात येत होते. पुराचे आणि उन्हाचे संकट वेगळे आहे, पण माणूस त्यातून वाचतो कसा याचे उत्तर दोन्हीकडे बरेचसे सारखे आहे. सानपाड्यात अजून सेक्टरचे छोटे बाजार आहेत, कोपऱ्यावरचा वाणी आहे, संध्याकाळची भाजीची गाडी आहे. त्याचबरोबर बंद फाटकाआड, पोडियमवर, सगळे काही घरपोच मागवणाऱ्या इमारतीही वाढत आहेत. सोय म्हणून ते ठीक, पण रोजच्या दिसण्यातून जी ओळख फुकट मिळत होती, ती आता प्रयत्नाने मिळवावी लागेल.

अन्नाच्या बाबतीत ओळखीचे मोल सर्वांत स्पष्ट दिसते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापुराने वेढले. पुणे-बंगळूरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. ट्रकच्या रांगा लागल्या, दूधसंकलन थांबले, मुंबईच्या दूधपुरवठ्याला फटका बसला. सानपाड्याला खेटून तुर्भ्याचा घाऊक बाजार आहे, त्यामुळे पंचगंगेचे आणि कृष्णेचे पाणी आपल्या ताटापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्या पुरात आजूबाजूच्या गावांनी भाकऱ्या थापून पाठवल्या. बाईने पहाटे थापलेली भाकरी आणि पुडीत बांधलेली शेंगदाण्याची चटणी, हे पूरग्रस्ताच्या दृष्टीने अत्यंत शहाणपणाचे अन्न आहे. ज्याची चूल भिजली, गॅसचा सिलिंडर वाहून गेला, पिण्याचे पाणीही नाही, त्याला तांदळाच्या पोत्याचा पहिल्या दोन दिवसांत काय उपयोग? भाकरीला भांडे लागत नाही, ती लवकर विटत नाही, आणि ती त्याच्या रोजच्या जेवणातली असते. पाठवणारी बाई स्वतः चूल पेटवणारी होती, म्हणून तिला हे सुचले. उलट दूरच्या शहरांतून वापरलेल्या कपड्यांचे ढीग गेले, त्यातले कितीतरी कोणाच्याच अंगाला लागले नाहीत आणि पुरानंतरच्या कचऱ्यात भर घालून गेले. दोन्हीकडे दानत सारखीच होती, फरक माहितीचा होता.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाड बुडाले तेव्हाही हेच दिसले. पाणी उतरल्यावर घराघरांत चिखलाचा थर होता. तेव्हा हवे होते फावडे, घमेले, खराटे, गमबूट, जंतुनाशक आणि राबणारे हात. मुंबई परिसरातल्या महापालिकांनी सफाई पथके पाठवली, ती मदत मोलाची ठरली. तशीच मोलाची मदत होती गावकीच्या मंडळांची. मुंबई-नवी मुंबईतल्या कोकणी आणि घाटावरच्या कुटुंबांची ग्रामस्थ मंडळे ही महाराष्ट्राची जुनी आणि भक्कम व्यवस्था आहे. तुर्भ्याच्या बाजारात ओझी वाहणारे माथाडी कामगार प्रामुख्याने सातारा, सांगली, पुणे या भागांतून आले. त्यांचे पाय इथे असले तरी घर तिथेही असते. असे मंडळ मदत घेऊन निघते तेव्हा त्याला वाडी ठाऊक असते, वाडीतले शेवटचे घर ठाऊक असते, कोणाचा मुलगा बाहेरगावी आहे आणि कोण एकटी आहे हेही ठाऊक असते. महामार्गाला लागून असलेल्या गावात चार-चार टेम्पो रिकामे होतात आणि आतल्या वाडीला काहीच मिळत नाही, हा प्रकार अशा मंडळांच्या हातून क्वचितच घडतो. सानपाड्यातल्या सोसायट्यांनी दूरच्या पूरग्रस्तांसाठी काही करायचे ठरवले तर आधी आपल्याच इमारतीत त्या भागातले कोण आहे हे विचारावे, त्यांच्याकडून यादी घ्यावी, आणि शक्यतो वस्तूंपेक्षा पैसे द्यावेत. इथल्या प्रत्येक इमारतीत कोकणातले, देशावरचे, मराठवाड्यातले कोणी ना कोणी राहतेच.

प्रवासाचेही तसेच. सानपाडा हार्बर आणि ट्रान्स-हार्बर अशा दोन्ही मार्गांवर आहे. इथला नोकरदार रोज एक तर खाडी ओलांडतो किंवा ठाण्याच्या दिशेने जातो. कुर्ला, चुनाभट्टीला रुळांवर पाणी आले की हार्बर तुटते, आणि सकाळी घराबाहेर पडलेला माणूस संध्याकाळी परत येईल याची खात्री उरत नाही. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली, तेव्हा हजारभर प्रवाशांनी रात्रभर आणि मग सकाळभर वाट पाहिली. एनडीआरएफ आणि नौदलाच्या जोडीला आसपासचे गावकरीही मदतीला आले. अशा वेळी अडकलेल्या माणसाचा जीव घराकडे लागलेला असतो, आणि त्याला खरा आधार असतो तो घरी कोणीतरी लक्ष देत असल्याचा. हा आधार आयत्या वेळी उभा राहत नाही. एक अगदी साधे उदाहरण घ्या. पावसामुळे शाळा लवकर सुटते, आई-वडील पोचू शकत नाहीत, शेजारी मुलाला आणायला तयार असतो. पण शाळेच्या कागदावर त्याचे नाव नसेल तर शाळा मूल त्याच्या हाती देणार नाही, आणि शाळेचे ते वागणे बरोबरच आहे. जूनमध्ये एका फॉर्मवर शेजाऱ्याचे नाव लिहिणे हे आपत्ती व्यवस्थापनच आहे. त्यासाठी निधी लागत नाही, पण ज्याचे नाव विश्वासाने लिहावे असा शेजारी लागतो.

यावर पहिला आक्षेप असा की हे सारे सरकारचे काम आहे. शेजाऱ्यांच्या चांगुलपणाचे गोडवे गाऊन आपण महापालिकेला मोकळे सोडतो. आक्षेप गंभीर आहे. 'स्पिरिट'चे कौतुक करून नाल्यांचा प्रश्न झाकण्याचा प्रकार मुंबईत अनेकदा झाला आहे. धारण तलावांचा गाळ काढणे, पंप चालू ठेवणे, नाले मोकळे ठेवणे ही महापालिकेचीच जबाबदारी आहे आणि राहील. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मुंबईचे जुने नाले ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेले होते; ही क्षमता ५० पर्यंत नेण्यासाठी ब्रिमस्टोवॅड प्रकल्प हाती घेतला गेला. २००५ च्या त्या दिवशी बहुतेक पाऊस काही तासांतच कोसळला होता, आणि असा पाऊस कोणतीही व्यवस्था पूर्ण पेलू शकत नाही. यंत्रणा कितीही चांगली असली तरी पहिले काही तास माणसाच्या वाट्याला त्याचा मजला आणि त्याची गल्लीच येते. दुसरे असे की एकमेकांना ओळखणारी वस्ती तक्रारही नेटाने करते. कोणत्या चेंबरचे झाकण तुटले, कोणत्या कोपऱ्यावर पाणी आधी चढते, हे पाच सोसायट्यांनी मिळून लेखी दिले तर प्रभाग कार्यालयाला ते बाजूला सारणे अवघड जाते. शेजार घट्ट असेल तर प्रशासनावरचा दबाव वाढतो.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. घट्ट शेजार म्हणजे आपल्यातल्यांची एकी, आणि अशी एकी बाहेरच्यांना वगळते. याला पुरावा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत काही गावांच्या संघटित पंचायतींनी मदत वेगाने मिळवली, पण याद्या त्यांच्या हाती असल्याने दलित, स्त्रिया आणि बाहेरून आलेली माणसे अनेक ठिकाणी त्यातून गळाली. आपत्तींचे अभ्यासक डॅनियल ऑल्ड्रिच यांनी हे नोंदवले आहे. सानपाड्यातही ही भीती खरी आहे. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप बहुधा मालकांचा असतो, भाडेकरू त्यात नसतो. त्याचा करारनामा कार्यालयात जमा असतो, पोलिसांकडे त्याची नोंद असते, पण त्याची आई अंथरुणाला खिळलेली आहे हे कोणाला माहीत नसते. तळमजल्याच्या केबिनमध्ये रात्रपाळी करणाऱ्या वॉचमनची भांडी आणि अंथरूण सर्वांत आधी भिजते. पोळ्या करायला येणारी बाई जवळच्या बैठ्या वस्तीतून येते. तिच्या घरात पाणी शिरले तर ती कामाला येत नाही, आणि आपल्याकडे त्या दिवशी फक्त पोळ्यांची अडचण होते. म्हणून शेजाराची रेघ इमारतीच्या भिंतीवर थांबता कामा नये. वॉचमन, सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या बायका, भाडेकरू आणि लगतचे गाव ही सगळी नावे यादीत आली तरच तिला माझ्या लेखी अर्थ आहे.

तिसरा आक्षेप खासगीपणाचा. कोण एकटे राहते, कोण आजारी आहे, ही माहिती चुकीच्या हाती पडली तर चोरापासून विक्रेत्यापर्यंत सगळ्यांना ती उपयोगी पडेल. हे खरे आहे, म्हणून माहिती देणे ऐच्छिक असावे, ती ग्रुपवर कधीही टाकू नये, सचिव आणि समितीतली एक महिला सदस्य यांच्याजवळच ती कागदावर असावी आणि दर वर्षी ताजी करून जुनी नष्ट करावी. जिथे माहिती देण्याइतका विश्वास नाही, तिथे मजल्यावरच्या दोन घरांनी आपापसांत एवढे जरी सांगून ठेवले तरी पुरे. राहिला वेळेचा प्रश्न. लोकांना वेळ नाही हे खोटे नाही, पण इमारतीत गणपती बसतो, नवरात्रात दांडिया होतो, कोजागिरीचे दूध आटते, आणि या सगळ्याला वेळ निघतो. याच प्रसंगी कोणाला मधुमेह आहे, कोण कांदा-लसूण खात नाही, कोणाचा श्रावण कडक असतो, हे सहज कळते. संकटाच्या दिवशी खिचडीचे पातेले चढवणाऱ्याला हीच माहिती लागते. माणसाच्या पानात त्याला चालेल असे अन्न वाढणे यात त्याचा मान राखला जातो, आणि पुरात सर्वस्व भिजलेल्या माणसाला मानाची गरज भाकरीइतकीच असते.

मग करायचे काय? आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या डिसेंबरमध्ये आला. त्याने देश, राज्य आणि जिल्हा पातळीवर प्राधिकरणे उभी केली. २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी नागरी प्राधिकरणाचीही तरतूद केली. शहराच्या खाली मात्र गल्ली आणि इमारत उरते, आणि तिथे आपल्याकडे एक तयार रचना आहे: सहकारी गृहनिर्माण संस्था. तिच्याकडे समिती आहे, निधी आहे, आणि दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत सर्वसाधारण सभा घेण्याचे कायदेशीर बंधन आहे. या सभेच्या विषयपत्रिकेवर 'पावसाळी मदत' हा एक विषय कायमचा असावा. त्यात चार निर्णय व्हावेत. वीज गेली, पंप आणि लिफ्ट बंद पडली तर वरच्या मजल्यांवरच्या वृद्धांना पाणी आणि औषध कोण पोचवणार. जमिनीखालच्या टाकीत पुराचे पाणी मिसळले तर टाकी उपसून, क्लोरीन टाकून शुद्ध होईपर्यंत पिण्याचे पाणी कुठून येणार. सामायिक स्वयंपाक कुठे होणार आणि त्यात वॉचमन, भाडेकरू, शेजारची वस्ती कशी सामील होणार. आणि पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी डॉक्टरकडे वेळेत कोण नेणार. २००५ च्या पुरानंतर या रोगाने मुंबईत घेतलेले बळी विसरण्यासारखे नाहीत. प्रत्येक इमारतीतून दोन तरुणांना 'आपदा मित्र'सारख्या सरकारी प्रशिक्षणासाठी पाठवावे, आणि महापालिकेने अशा संस्थांची नोंद घेऊन आपला नियंत्रण कक्ष त्यांच्याशी थेट जोडावा.

यात भव्य काही नाही, आणि म्हणूनच ते होऊ शकते. भिंती उंच करून, पंप वाढवून सानपाडा पाण्यापासून काही अंशी वाचेल, आणि ती कामे झालीच पाहिजेत. पण पाणी आलेच तर सोळाव्या मजल्यावरची एकटी बाई, तळमजल्यावरचा वॉचमन आणि ट्रान्स-हार्बरवर अडकलेल्या आईचे घरातले मूल यांना वाचवणारी गोष्ट एकच आहे: त्यांचे नाव आणि त्यांची गरज माहीत असलेला जवळचा माणूस. असा माणूस प्रत्येक मजल्यावर असेल याची जबाबदारी आपली आहे, आणि ती येत्या सर्वसाधारण सभेतच ठराव करून स्वीकारायला हवी.